चकतीचा जुना थर्मोस्टॅट काढून वायरलेस डिजिटल बसवायचा आहे. टेप लावून मागे दुमडलेली निळी वायर कसली?

पहाटवारा

नमस्कार. पहिल्यांदाच विचारते आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते. अर्धवट माहितीवर कुणी उत्तर द्यावं आणि मी ते भलतीकडे जोडावं, असं नको.

घरात गॅसचा बॉयलर आहे, सात रेडिएटर आहेत आणि पॅसेजच्या भिंतीवर गोल चकतीचा थर्मोस्टॅट आहे. चकती फिरवली की आत 'खट्' होतं आणि थोड्या वेळाने बॉयलर पेटतो. गरम पाणी बॉयलर नळ उघडला की लगेच देतो, वेगळी टाकी नाही. अडचण अशी की पॅसेज चिंचोळा आहे, त्यात स्वतःचा रेडिएटर आहे आणि सगळी दारं बंद असतात. तो झटकन तापतो, थर्मोस्टॅटला वाटतं घर तापलं, आणि बॉयलर बंद. मागच्या खोलीत माझे बाबा असतात. वय ८१. त्या खोलीच्या दोन भिंती बाहेरच्या आहेत आणि खिडकी मोठी आहे.

बाबा तक्रार करत नाहीत, हीच पंचाईत आहे. गेल्या महिन्यात सकाळी त्यांना उठवायला गेले आणि त्यांचा हात हातात घेतला तेव्हा तो इतका गार लागला की मी तिथेच बसून राहिले. त्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर एक तापमापक ठेवला आणि वहीत आकडे लिहायला लागले. बारा दिवसांचे आहेत. रात्री १० वाजता साधारण २० अंश, पहाटे ५ वाजता १५, एकदा १४.५. पॅसेजमध्येही थर्मोस्टॅटशेजारी दुसरा तापमापक टांगला. चकती २० वर असताना बॉयलर सुरू होतो तेव्हा तिथे १८ असतात आणि बंद होतो तेव्हा २२.५. म्हणजे चकतीवर २० लिहिलंय, पण २० वर घर थांबतच नाही, त्याच्या पुढून मागून जात राहतं.

म्हणून वायरलेस डिजिटल थर्मोस्टॅट आणला. दोन भाग आहेत: भिंतीवर बसवायचा रिसीव्हर, आणि दोन पेन्सिल सेलवर चालणारा, स्टँडवर कुठेही ठेवता येणारा खोलीतला भाग. रिसीव्हरवर पाच टर्मिनल आहेत: एल, एन, कॉम, एनओ, एनसी. पुस्तिकेत दोन आकृत्या आहेत. एकीत एल आणि कॉम यांच्यामध्ये वायरचा छोटा तुकडा जोडलाय, दुसरीत तो नाही. कुठली कधी वापरायची, याबद्दल एक ओळ आहे आणि ती मला कळलेली नाही.

बॉयलरचा फ्यूजवाला स्विच बंद करून जुन्या थर्मोस्टॅटचं नुसतं झाकण काढून पाहिलं, वायरींना हात लावला नाही. आत धातूची वाकलेली पट्टी आहे, तिच्या टोकाशी छोटं चुंबक. १ नंबरच्या टर्मिनलला एक तपकिरी वायर, ३ नंबरला दुसरी तपकिरी. २ नंबर रिकामं. आणि मागे डब्यात एक निळी वायर, टोकाला काळी टेप गुंडाळून दुमडून ठेवलेली. पिवळी-हिरवी वेगळी, ती अर्थिंगची असणार.

ही निळी कसली? ती कुणी का सोडून दिली असेल? आणि त्या दोन आकृत्यांपैकी माझी कुठली? प्रत्यक्ष काम परवानाधारक वायरमनच करणार आहे, पण तो येईल तेव्हा मला काय चाललंय ते कळायला हवं.

तारजोडे

ताई, वायरींना हात लावला नाहीत हे उत्तम केलंत. आणि वहीतले आकडे दिलेत म्हणून निदान सोपं झालं.

ती निळी बहुतेक न्यूट्रल आहे, म्हणजे विजेचं मंडल पूर्ण करणारी वायर. 'बहुतेक' म्हणतोय, कारण वायरीच्या रंगावर मी कधीच भरवसा ठेवत नाही. आधीच्या माणसाने हाताशी होती ती वायर ओढलेली असते. मीटर काय दाखवतो ते खरं.

आता ती तिथे कशाला होती ते सांगतो, कारण तुमच्या १८ आणि २२.५ चं उत्तर त्यातच आहे. ती वाकलेली पट्टी दोन वेगवेगळ्या धातूंची, एकमेकांना चिकटवलेली असते. तापल्यावर एक जास्त पसरतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी वाकते आणि संपर्क तुटतो. चुंबक अशासाठी की संपर्क हळूहळू सुटू नये, झटक्यात सुटावा. नाहीतर ठिणग्या पडून टोकं जळतात. तुम्हाला 'खट्' ऐकू येतं ते त्या चुंबकाचं. पण पट्टी प्लॅस्टिकच्या डबीत, डबी भिंतीवर. खोलीतली हवा तापली तरी पट्टीला ते उशिरा समजतं. ती संपर्क तोडते तोवर रेडिएटर कढत झालेले असतात आणि बॉयलर विझला तरी पुढे बराच वेळ उष्णता देत राहतात. खोली ठरल्यापेक्षा पुढे जाते ती अशी. परत येतानाही तोच उशीर.

यावर जुन्या लोकांनी सुरेख उपाय काढला होता. डबीत एक बारीकसा रेझिस्टर ठेवायचा. बॉयलर चालू असेल तोवर तो पट्टीला किंचित ऊब देतो, त्यामुळे पट्टी थोडी आधीच वाकते आणि बॉयलर वेळेत थांबतो. त्याला ॲक्सिलरेटर म्हणतात. तो फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जोडलेला असतो, म्हणून थर्मोस्टॅटला न्यूट्रल लागतो. तुमच्याकडे कुणीतरी न्यूट्रल सोडून दिला. चकती न्यूट्रलशिवायही 'खट्' करते, बॉयलर पेटतो, म्हणून काही बिघडलंय हे कुणाच्या ध्यानात येत नाही. घर मात्र साडेचार अंश वरखाली होत राहतं.

निळी खरंच न्यूट्रल निघाली तर तुमचं काम फार सोपं आहे. रिसीव्हर बॉयलरपाशीच बसवायला हवा असं नाही. तो जुन्या थर्मोस्टॅटच्या जागी पॅसेजमध्येच बसवा. त्याला चालायला फेज आणि न्यूट्रल लागतो, आणि बॉयलरकडे परत जाणारी वायर लागते. तिन्ही तिथे हजर आहेत. बॉयलरचं झाकण उघडायची गरजच नाही. खोलीतला भाग बाबांच्या खोलीत ठेवा.

मीटर लावताना वायरमनला सांगा: १ ते निळी किती व्होल्ट, आणि चकती खाली-वर करून ३ ते निळी किती. काम सुरू करण्याआधी मीटर एखाद्या चालू जागी तपासायचा, मग वायरींवर, मग पुन्हा चालू जागी. मीटरच बिघडलेला असेल तर तो शून्य दाखवतो आणि माणूस हात घालतो.

एक विचारायचं राहिलं. बॉयलरच्या आसपास घड्याळाचा टायमर आहे का?

उंबरठा

त्या दोन आकृत्यांबद्दल मी सांगतो, कारण तिथेच माझा घात झाला होता.

रिसीव्हरच्या आत एक रिले असतो, म्हणजे विजेवर चालणारा खटका. कॉम आणि एनओ ही त्या खटक्याची दोन टोकं. खोलीत उष्णता हवी असेल तेव्हा कॉम आणि एनओ जोडले जातात, नको असेल तेव्हा सुटतात. एनसीचं उलट असतं. हीटिंगला तो लागत नाही, रिकामा ठेवायचा. हा खटका कोरडा असतो, त्यात स्वतःची वीज नसते. त्यातून काय वाहायचं ते बॉयलर ठरवतो.

काही बॉयलरना 'सुरू हो' हा निरोप २३० व्होल्टच्या रूपात हवा असतो. तिथे एलवरचा फेज कॉमवर आणावा लागतो, म्हणून तो वायरचा तुकडा. पण काही बॉयलर स्वतःच बारीक व्होल्टेज बाहेर पाठवतात, २४ किंवा त्याच्या आसपास, आणि ते एका वायरीने जाऊन दुसरीने परत आलं का एवढंच पाहतात. तिथे तुकडा जोडलात तर २३० व्होल्ट थेट बॉयलरच्या सर्किट बोर्डात शिरतात.

माझा बॉयलर दुसऱ्या जातीचा होता. पुस्तिकेत पहिली आकृती तुकड्याची होती, मी ती पाहिली, जोडणी केली, स्विच दाबला. आवाज आला नाही, नुसता जळका वास. बोर्ड गेला. नवीन बोर्ड येईपर्यंत चार दिवस घरात हीटिंग नव्हतं आणि मुलगी आठ महिन्यांची होती. आम्ही तिघं एकाच खोलीत, एका छोट्या विजेच्या हीटरवर राहिलो. तिचे पाय मोज्यांतूनही गार लागायचे ते मला आजही आठवतं. म्हणून कळकळीने सांगतो, आकृती निवडण्याआधी बॉयलरच्या स्वतःच्या पुस्तिकेतलं थर्मोस्टॅट जोडणीचं पान काढा आणि वायरमनच्या हातात द्या.

तुमच्या जुन्या थर्मोस्टॅटवर १ ते निळी २३० दाखवले आणि ३ वर चकतीप्रमाणे २३० येत-जात असतील, तर तुमचा बॉयलर पहिल्या जातीचा, आणि तुकडा लागेल. पण मोजल्याशिवाय नको.

पहाटवारा

दोघांचेही मनापासून आभार. उंबरठा, तुमच्या मुलीचं वाचून पोटात कालवलं. बॉयलरच्या पुस्तिकेतलं ते पान शोधून काढलं आहे.

काल वायरमन आले. मी तारजोडेंचा निरोप वाचून दाखवला, त्यांनी तसंच केलं. १ ते निळी २३२ व्होल्ट. चकती खाली असताना ३ ते निळी शून्य, वर नेली की २३२. म्हणजे निळी न्यूट्रलच. दुसऱ्या टोकाला ती नीट जोडलेली होती, फक्त थर्मोस्टॅटमध्ये सोडून दिलेली. बॉयलरच्या पुस्तिकेतही २३० व्होल्टचीच जोडणी दाखवली आहे.

टायमरचं विचारलंत म्हणून त्यांना घेऊन गेले. बॉयलरशेजारी एक पांढरी डबी आहे, गोल तबकडी, कडेला बारीक बारीक खुंट्या. ती बंद पडलीय असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. ती चालू आहे! तबकडी फिरतेय, फक्त दोन तास मागे आहे. खुंट्या रात्री ११ ते पहाटे ५ बंद अशा लावलेल्या. घड्याळ दोन तास मागे म्हटल्यावर प्रत्यक्षात रात्री १ ते सकाळी ७ बंद. वायरमननी ती बंदच्या खुंट्यांवर फिरवून पॅसेजमध्ये मीटर लावला. १ ते निळी शून्य.

म्हणजे रात्रभर थर्मोस्टॅटला वीजच नव्हती. मी झोपण्याआधी चकती २४ वर नेत होते, बाबांच्या खोलीत ऊब राहावी म्हणून. त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. हे किती वर्षांपासून चाललंय देव जाणे.

आता पुढे काय? टायमर काढून टाकायचा का?

तारजोडे

मला तीच शंका होती. पहाटेचे १५ अंश थर्मोस्टॅटच्या खात्यात बसत नव्हते. चकती कितीही उशीर करणारी असली तरी १८ ला तिने बॉयलर पेटवायलाच हवा होता.

टायमर काढायची घाई नको. त्यावर 'कायम चालू'ची खाच असते, एखादी छोटी कळ सरकवून किंवा सगळ्या खुंट्या चालूकडे लोटून. तसं करून ठेवा. हे न करता रिसीव्हर जोडलात तर टायमर बंद झाला की रिसीव्हरचीच वीज जाईल. खोलीतला भाग निरोप पाठवत राहील आणि ऐकायला कुणी नसेल. वीज परत आल्यावर दोघांची गाठ पडायलाही काही मिनिटं जातात. आणि लोक समजतात वायरलेस वस्तूच भिकार निघाली.

तुमचं गरम पाणी टायमरवर अवलंबून नाही, म्हणून हे निर्धास्त करा. ज्यांच्याकडे पाण्याची वेगळी टाकी आहे आणि एकच टायमर दोन्ही सांभाळतो, त्यांनी मात्र असं सरसकट करू नये. पाण्याच्या वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात.

वायरमनसाठी जोडणी: १ नंबरची तपकिरी एलला, एलपासून कॉमला तुकडा, निळी एनला, ३ नंबरची तपकिरी एनओला, एनसी रिकामा. ३ वरची वायर परतीचा फेज आहे, तिच्यावर खूण करून ठेवा. पुढे कुणी न्यूट्रल समजून जोडली तर फ्यूज उडू शकतो. अर्थिंग रिसीव्हरला लागत नसेल तरी ती वायर कापायची नाही, डब्यातल्या वेगळ्या टर्मिनलमध्ये घट्ट बसवून ठेवायची. भिंतीतला डबा लोखंडी असेल तर त्याला अर्थ केलेला असायलाच हवा.

इतर कुणी हे वाचत असेल तर दोन गोष्टी. जुन्या काही थर्मोस्टॅटमध्ये काचेच्या कुपीत पारा असतो, पट्टी कलली की पारा वाहून संपर्क जुळतो. तो थर्मोस्टॅट कचऱ्यात टाकू नका, कुपी फुटू देऊ नका, घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. आणि ज्यांच्याकडे बॉयलर नसून थेट विजेचे मोठे हीटर आहेत, त्यांनी रिलेची क्षमता किती अँपिअर ते पाहिल्याशिवाय हीटर त्याच्यातून चालवू नये. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त वीजप्रवाह पेलणारा मोठा खटका, लागतो.

अर्धाअंश

वायरिंगचं झालं. आता खोलीतला भाग कुठे ठेवायचा आणि आत काय भरायचं, यावर लिहितो, कारण चांगली वस्तू आणून ती चुकीच्या जागी ठेवली की सगळं मुसळ केरात.

बाबांच्या खोलीत ठेवायचा निर्णय बरोबर आहे. पण खिडकीत नको, बाहेरच्या भिंतीवर नको, रेडिएटरच्या वर नको, टेबलदिव्याशेजारी नको, ऊन पडतं तिथे नको. आतली भिंत, जमिनीपासून सुमारे दीड मीटर. बाबा बहुतेक वेळ बसून किंवा झोपून असतील तर थोडा खाली, १.२ मीटरवर ठेवला तरी चालेल. त्यांच्या अंगाला लागणारी हवा तिथली असते.

दुसरं, आणि हे बहुतेकांचं चुकतं. त्या खोलीतल्या रेडिएटरवर १ ते ५ आकड्यांचा गोल व्हॉल्व्ह आहे का? असेल तर तो पूर्ण उघडा, ५ वर. तोही एक थर्मोस्टॅटच आहे. तो ३ वर असला तर खोली २० च्या आसपास आली की तो रेडिएटर बंद करतो. तुमचा नवा भाग २१ मागत राहतो, बॉयलर जळत राहतो, बाकीच्या खोल्या भट्टी होतात आणि बाबांची खोली २० वरच अडकते. एका खोलीत दोन मालक नकोत. बाकीच्या खोल्यांत ते व्हॉल्व्ह वापरा, तिथे त्यांचं काम आहे. पॅसेजचा रेडिएटर फार तापत असेल तर त्याच्या दुसऱ्या टोकाच्या झाकणाखालचा व्हॉल्व्ह थोडा आवळून घ्या, पण पूर्ण बंद नको. पंपाला पाणी फिरवायला एक तरी वाट कायम उघडी लागते.

आता आतलं. नव्या थर्मोस्टॅटमध्ये तापमान मोजणारा छोटा सेन्सर असतो, पट्टी नाही, म्हणून उशीर कमी. साधा डिजिटल अर्धा अंश खाली गेला की सुरू करतो आणि अर्धा अंश वर गेला की बंद. त्याहून चांगल्यात तासाचे समान भाग पाडतात. गॅस बॉयलरला सहसा तासाला ६ फेऱ्या लावतात, म्हणजे दहा-दहा मिनिटांचे तुकडे. ठरवलेलं तापमान लांब असेल तर दहाच्या दहा मिनिटं बॉयलर चालतो, जवळ येईल तसा दहातली सहा, मग तीन. तेलाच्या बॉयलरला ३ फेऱ्या, थेट विजेला १२. पुस्तिकेत ही सेटिंग शोधा आणि ६ आहे ना पाहा.

रात्रीचं तापमान फार खाली नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ सालच्या घर आणि आरोग्य मार्गदर्शक तत्त्वांत थंडीत घरातलं किमान तापमान १८ अंश सांगितलंय, आणि वृद्ध, लहान मुलं, आजारी माणसं यांना त्याहून जास्त लागू शकतं असंही म्हटलंय. तरुण माणसांच्या घरात रात्री १६ चालतात. तुमच्याकडे रात्री १८.५ आणि दिवसा २१ पासून सुरुवात करा, मग बाबांना विचारून बदला.

पहाटवारा

बाबांच्या रेडिएटरवर आकड्यांचा व्हॉल्व्ह आहे, आणि तो अडीचवर होता! पलंगाच्या मागे असल्यामुळे कुणी वाकून पाहिलाच नव्हता. आजच ५ वर केला.

मनात एक भीती आहे. तारेची जोडणी दिसते, तुटली तर तुटलेली दिसते. हवेतून जाणारा निरोप पोचला नाही तर? रात्री दोन वाजता सेल संपले आणि बॉयलर थंड पडला तर मला कसं समजणार? बाबा मला उठवणार नाहीत.

उंबरठा

ही काळजी रास्त आहे. बहुतेक रिसीव्हर बराच वेळ निरोप आला नाही की सुरक्षिततेसाठी बॉयलर बंद करतात. काही थोडा थोडा वेळ चालू ठेवतात. तुमचा कुठला ते त्याच्या पुस्तिकेत 'संपर्क तुटल्यास' या भागात असेल. दोन्ही प्रकारांत रिसीव्हरवर एक बटण असतं, ते दाबलं की हाताने बॉयलर सुरू होतो. ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.

सेल साधे अल्कलाइन घाला. चार्ज करायचे घालू नका, त्यांचं व्होल्टेज मुळात १.२ असतं आणि थर्मोस्टॅट त्यांना लवकरच संपत आलेले समजतो. सूचना बहुतेक वेळा काही दिवस आधी पडद्यावर येते, पण तिच्यावर विसंबू नका. थंडी सुरू व्हायच्या आधी दरवर्षी नवे घाला, जुने चालत असले तरी.

आणि निरोप पोचतो का, हे एकदा नीट तपासा. लाकूड, वीट यातून तो जातो. लोखंड, मोठा आरसा, चांदीसारखा चकचकीत इन्सुलेशनचा पत्रा मध्ये आला की अडतो. भाग स्क्रूने पक्का करण्याआधी एक पूर्ण दिवस नुसता स्टँडवर ठेवा.

पहाटवारा

नऊ दिवस झाले, म्हणून लिहिते.

जोडणीला वायरमनना जेमतेम पाऊण तास लागला. टायमर 'कायम चालू'वर, त्यावर चिकटपट्टी लावून 'हात लावू नये' असं लिहिलं. रिसीव्हर पॅसेजमध्ये जुन्याच जागी बसला. जुना थर्मोस्टॅट थोडा रुंद होता, त्यामुळे भिंतीवर त्याच्या कडेचा फिकट चौकोन उरलाय, तो रंगवायचा आहे.

खोलीतला भाग आधी बाबांच्या कपाटाशेजारच्या फळीवर ठेवला. तास दोन तास ठीक चाललं, मग पडद्यावरची संपर्काची खूण जायची आणि यायची. उंबरठांनी लिहिलेलं आठवलं. कपाट लोखंडी आहे आणि नेमकं ते आणि रिसीव्हर यांच्या मधोमध. भाग मीटरभर सरकवून दाराच्या बाजूच्या भिंतीवर आणला, खूण पुन्हा गेली नाही. दिवसभर तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी स्क्रू मारले. उंची १.३ मीटर, बाबांना खुर्चीतून उठून चष्म्याशिवाय आकडा वाचता येतो.

तासाच्या फेऱ्या पाहिल्या, ६ च होत्या. पहिली रात्र १८.५ वर ठेवली. पहाटे ४ ला अलार्म लावून उठले आणि त्यांच्या खोलीत गेले. टेबलावरच्या तापमापकावर १८.३. बाबा कुशीवर झोपले होते, एक हात पांघरुणाबाहेर. मी बोटं लावून पाहिली. गार नव्हती. तशीच दारात उभी राहिले थोडा वेळ.

वहीतले पुढचे आकडे: पहाटे ५ ला १८.४, १८.६, १८.३, १८.५. बाबांनीच चौथ्या दिवशी विचारलं, 'रात्रीचं जरा वाढवता येईल का गं?' इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ऊब मला आठवत नाही. आता रात्री १९.५ आहे. दिवसा २१ सांगितले आणि टेबलावर २०.८ ते २१.३ राहतात. पॅसेज मात्र दुपारी २३ वर जात होता, म्हणून तिथल्या रेडिएटरचा झाकणाखालचा व्हॉल्व्ह अर्धा फेरा आवळला, तो २१.५ वर आला. वरच्या दोन खोल्यांत आकड्यांचे व्हॉल्व्ह ३ वर.

बाबांना रिसीव्हरवरचं बटण दाखवलं. त्यांनी दोनदा स्वतः दाबून पाहिलं, बॉयलर पेटल्याचा आवाज ऐकला, परत बंद केलं. जाता-येता त्यांचा हात अजून पॅसेजच्या भिंतीकडे जातो, चकती असायची तिथे.

एक प्रश्न उरलाय. आमच्या रिसीव्हरच्या पुस्तिकेत लिहिलंय की संपर्क तुटला तर तो बॉयलर बंद करतो. रिसीव्हर तसाच ठेवून दुसरा काही आधार देता येईल का?

तारजोडे

आकडे वाचून बरं वाटलं, ताई.

आधार देता येईल. तुमचा जुना थर्मोस्टॅट टाकला नसेल तर पुढच्या खेपेला वायरमनला रिसीव्हरच्या कॉम आणि एनओला समांतर तो जोडायला सांगा: १ कॉमकडे, ३ एनओकडे, आणि या वेळी २ वर निळी नक्की जोडायची. चकती १५ वर ठेवा. एरवी पॅसेज १५ पर्यंत कधी उतरत नाही, म्हणून तो गप्प राहील. वायरलेसने काही कारणाने साथ सोडली आणि घर गार पडू लागलं, तर तो स्वतःहून बॉयलर पेटवेल. बाबांच्या खोलीत तोवर १३-१४ झालेले असतील, म्हणून याला शेवटचा आधार समजा. सेल वेळेवर बदलणं चुकवू नका. ही जोडणी तुमच्यासारख्या, दोन्ही खटके एकाच फेजवर असलेल्या घरासाठीच आहे, बारीक व्होल्टेजच्या बॉयलरवर अशी करायची नाही. आणि आधी बॉयलरच्या पुस्तिकेत समांतर खटक्याला मनाई नाही ना, ते बघून घ्या.

पहाटवारा

टाकलेला नाही. बाबांच्या टेबलाच्या खणात आहे. शनिवारी वायरमन येणार आहेत, पुस्तिकेचं पान आणि हा निरोप दोन्ही काढून ठेवते. चकती परत पॅसेजमध्येच, रिसीव्हरच्या खाली बसवायला सांगेन. फिकट चौकोनही झाकला जाईल.